खोली नंबर दोनची मतं

मतदान सुरू व्हायच्या आधी केंद्राध्यक्षाला दोन कामं न चुकता करावी लागतात. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर निदान पन्नास मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान घ्यायचं, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२८ मोठ्याने वाचून दाखवायचं. मतदानाची गुप्तता राखण्याचं हे कलम. ते मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मी मास्तर असल्यामुळे निवडणुकीची ड्युटी वर्षानुवर्षं केली. पहाटे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोलीत, फळ्यावर अजून आदल्या दिवशीचे पाढे असताना, हे कलम वाचताना मला दर वेळी आतून बरं वाटत आलं आहे. आपण आता जे वाचतोय ते गरिबातल्या गरीब माणसाच्या बाजूचं आहे, असं वाटायचं.

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला माझी ड्युटी चांदवडकडच्या एका गावात लागली. शाळेच्या दोन खोल्या, दोन केंद्रं. पहिल्या खोलीत गावठाणातले मतदार, दुसरीत मळ्यांतले आणि दोन वस्त्यांवरचे. मी खोली नंबर दोनमध्ये. दुपारी तीनच्या सुमारास एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, बोटांच्या पेरांवर कांद्याच्या मातीचे काळे डाग, त्यावरच शाई लागली. खोक्याआड गेल्या, यंत्राचा लांब आवाज झाला. बाहेर पडताना माझ्या टेबलाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “बाबा, म्या कोनाला दिलं ते कळनार न्हाई ना?”

मी म्हटलं, “नाही आजी, कुणालाच नाही. मलाही नाही.”

“माजं न्हाई कळनार रे. आमच्या वस्तीचं कळतंय ना. मागच्या टायमाला कळलं व्हतं.”

मला उत्तर देता आलं नाही, कारण त्यांचं बरोबर होतं.

ग्रामीण भागाचा राजकीय कल आणि तिथली मतदानाची टक्केवारी यांवर निकालानंतर पुष्कळ लिहिलं जातं. खेड्यातला मतदार जागरूक आहे असं कौतुक होतं, किंवा तो जातीवर जातो, पैशावर जातो असं म्हणून त्याला निकालात काढलं जातं. आजींच्या त्या एका वाक्यात जे होतं ते मात्र या लिखाणात मला कुठे दिसत नाही. ते असं की लहान गावात माणसाचं मत गुप्त असतं, पण वस्तीचं मत चव्हाट्यावर असतं. आणि जोवर ते चव्हाट्यावर आहे तोवर गावाचा कल काय, टक्केवारी का वाढली, याचा अर्थ आपल्याला नीट लावताच येणार नाही.

हे कसं होतं ते सांगतो. मतमोजणीत प्रत्येक केंद्राचं कंट्रोल युनिट, म्हणजे मतं साठवणारं यंत्र, टेबलावर येतं. त्या एकट्या यंत्रात कुणाला किती मतं, हे प्रतिनिधींना दाखवलं जातं आणि ते कागदावर टिपून घेतात. पुढे ‘नमुना २०’ नावाच्या तक्त्यात केंद्रनिहाय, उमेदवारनिहाय सगळी मतं जाहीर होतात. कुणीही मोबाइलवर उतरवून घ्यावीत. नाशिकच्या कॉलेज रोडवर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. त्याच्या केंद्रावरच्या हजारभर माणसांतली दहा नावंही त्याला माहीत नसतात, आणि त्यांनी काय केलं म्हणून त्याच्या नळाचं पाणी कुणी तोडणार नसतं. गावात मतदार यादीचा भाग म्हणजेच एखादी वाडी, एखादा मळा, एखादी वस्ती. यादी वाचली की घरं डोळ्यांसमोर येतात. त्या यादीपुढे मतांचा आकडा आला की हिशेब पुरा होतो.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं, बाजाराचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाजार समितीसमोरच्या हॉटेलात सकाळी काय चालतं ते मी किती तरी वेळा पाहिलं आहे. चार जण एका मोबाइलवर वाकलेले असतात. एक जण खोली नंबर वाचतो, दुसरा आकडा, तिसरा सांगतो ही कोणाची खोली. “हा मळा लीडमध्ये.” “ही खोली मायनस गेली.” मग ज्याच्याकडे त्या खोलीची जबाबदारी होती त्याचं नाव निघतं, त्याला फोन लागतो, आणि पलीकडून तो बिचारा शपथा घेऊ लागतो. त्यानंतर शोध सुरू होतो. त्या खोलीत अमक्या भाऊबंदकीची इतकी मतं, ती तर आपलीच, मग फुटली कोणाची? दोनशे मतांच्या वस्तीत हा शोध फार लांब जात नाही. अर्ध्या तासात एका आळीवर, कधी कधी एका घरावर बोट ठेवलं जातं. ते बोट चुकीच्या घरावर पडण्याचाही पुरता संभव असतो, आणि त्या घराला आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करायला कुठलाच मार्ग नसतो. गुप्त मतदानाने आपलं खरं मत लपवता येतं तसंच ते दाखवताही येत नाही.

पुढे काय होतं? आमच्या भागातली एक वस्ती आहे, नाव देत नाही. गावातून निघालेला रस्ता नाल्याच्या मोरीपर्यंत डांबरी आहे. मोरीच्या पलीकडे वस्ती, जेमतेम अर्धा किलोमीटर. डांबर मोरीशी थांबलं ते कित्येक वर्षं थांबलंच. पावसाळ्यात पोरं चपला हातात घेऊन शाळेत येतात, पाय हौदावर धुतात आणि मग वर्गात बसतात. माझ्याच वर्गात बसायची म्हणून मला ठाऊक. एका जानेवारीत त्याच वस्तीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. उन्हाळ कांद्याची लागवड नुकतीच झालेली, रोपांना पाणी पाहिजे, आणि डीपी यायला तीन आठवडे लागले. त्याच महिन्यात शेजारच्या मळ्याची चौथ्या दिवशी आली होती. याचं कारण आधीच्या निवडणुकीतली मतं हेच होतं, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. कामं अडण्याला पन्नास कारणं असतात. पण वस्तीवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी ते कारण एकच धरलं, आणि पुढच्या वेळी खोलीत शिरताना ते त्यांच्या डोक्यात होतं. ज्याला धाक घालायचा आहे त्याला तेवढं पुरतं.

आता टक्केवारीकडे येऊ. २० मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं तेव्हा दिंडोरी मतदारसंघात ६६.७५ टक्के आणि नाशिक मतदारसंघात ६०.७५ टक्के मतदान झालं. दिंडोरी म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपासून येवला-नांदगावच्या कोरडवाहू गावांपर्यंत पसरलेला ग्रामीण मुलूख; नाशिकमध्ये शहराचे तीन विधानसभा मतदारसंघ येतात. सहा टक्क्यांचा हा फरक दर निवडणुकीत कमीजास्त दिसतो आणि शहरातल्या माणसाला त्यावरून बोल लावला जातो. मेच्या उन्हात पाड्यावरची बाई दोन किलोमीटर चालत जाऊन मत देते, यात तिची आस्था आहेच. मी ती रांगेत पाहिली आहे. पेठ-सुरगाण्याची जी कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे टोळीने येतात, त्यांतली कित्येक मतदानासाठी एक दिवसाची मजुरी सोडून परत जातात. त्यांच्या इतकी किंमत मोजून नाशिक शहरात कोणी मत देत असेल असं मला वाटत नाही. सुरगाण्याच्या माणसांनी तर मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी जाऊन वनजमिनीचा प्रश्न मांडला. त्यांना राजकारण समजत नाही असं म्हणण्याची कुणाची प्राज्ञा नाही.

पण या टक्केवारीला दुसरी बाजूही आहे. शंभर मीटरच्या रेषेबाहेर मांडलेल्या टेबलांवर याद्या असतात. कोण येऊन गेलं, त्यावर खूण होते. दोन-अडीचला उरलेल्यांची नावं निघतात, गाड्या निघतात. “नाना, तुमच्या घरातली दोन राहिली.” “काकू, सुनबाई अजून आल्या नाहीत.” न जाणं दिसतं, आणि न जाण्याचा अर्थ लावला जातो. ज्या वस्तीची मतं खोलीच्या आकड्यात दिसणार आहेत तिथे घरी बसणं हेही एक मत धरलं जातं, आणि ते कुणाच्या विरोधात ते ठरवणारा दुसराच असतो. म्हणून टक्केवारी मोठी आहे एवढ्यावरून तिथे लोकशाही निरोगी आहे असं मी म्हणणार नाही. रांगेत आस्थेने उभं असलेलं माणूस आणि नाव राहिलं तर बोलणी बसतील म्हणून उभं असलेलं माणूस, दोघांच्या बोटाची शाई सारखीच दिसते.

कलाचंही तसंच. आमच्याकडे गावांना शिक्के आहेत. हे गाव यांचं, ते त्यांचं. हा मळा अमक्या साहेबांचा, ती वस्ती तमक्या पक्षाची. हे शिक्के पिढ्यान्‌पिढ्या चालतात. माणसांची मनं मात्र तशी थांबून राहिलेली नाहीत, आणि याचा पुरावा २०२४ सालानेच दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदीच आली, आणि ती उठली ४ मे २०२४ ला, मतदानाला सोळा दिवस उरले असताना. १५ मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली तेव्हा गर्दीतल्या एका तरुणाने भर सभेत कांद्यावर बोला म्हणून आवाज दिला. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार एक लाखाहून जास्त मतांनी पडल्या आणि भास्कर भगरे निवडून आले. त्यातही बाबू भगरे या अपक्षाला, नावातल्या आणि चिन्हातल्या सारखेपणामुळे, एक लाखाहून जास्त मतं पडली. मग बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, त्याच दिंडोरी लोकसभेतल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी. मधल्या काळात निर्यात शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं होतं, किमान निर्यात मूल्याची अट उठली होती, आणि लाडकी बहीण योजनेचे पैसे बायकांच्या खात्यात येऊ लागले होते.

हे सगळं एकाच गावातल्या सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, हे बाहेरच्यांनी लक्षात घ्यायला हवं. कांद्याचा भाव चढला की साठवणीच्या चाळीत माल असलेला शेतकरी उभा राहतो. वस्तीवरची बाई कांदा लावते, खुरपते, काढते, पण चाळ तिची नसते; भाव चढला की तिला बाजारात तोच कांदा महाग पडतो, आणि भाव पडला की मजुरी द्यायला मालकाचा हात आखडतो. एका घरातही नवरा भावावर मत ठरवतो आणि बायको खात्यात जमा झालेल्या पंधराशे रुपयांवर, किंवा गॅसवर, किंवा पोरीच्या कॉलेजच्या एसटीवर. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्यासाठी गावोगावच्या बाया घराबाहेर पडल्या होत्या. तेव्हापासून तरी या भागात कुणी असं समजू नये की बाई नवऱ्याला विचारून मत देते. ‘गावाचा कल’ हा शब्दच मुळात फसवा आहे. गावात चार-पाचशे कल असतात, आणि ते एकमेकांपासून लपवून ठेवता येतात म्हणूनच ते तग धरतात. खोलीचा आकडा बाहेर आला की त्या सगळ्यांचा एक शिक्का होतो आणि तो प्रत्येकाच्या कपाळावर बसतो.

यावर उपाय नाही असं मुळीच नाही. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती, आणि ती याच कारणासाठी होती. कोणत्या गावाने कोणाला मत दिलं ते कळू नये. २००४ च्या लोकसभेला देशभर यंत्रं आली आणि मोजणी जलद झाली, बोगस शिक्के थांबले, पण ही मिसळ गेली. यंत्र एक केंद्र एक आकडा असं बोलतं. त्यावर ‘टोटलायझर’ नावाचं जोडयंत्र तयार झालं. त्याला एका वेळी चौदा कंट्रोल युनिटं जोडता येतात आणि चौदा केंद्रांची मिळून एकच बेरीज बाहेर येते. निवडणूक आयोगाने २००८ मध्येच ते वापरण्यासाठी नियम बदलण्याचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवला. विधि आयोगाने मार्च २०१५ च्या २५५व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. यासाठी संसदेत कायदा करण्याचीही गरज नाही. १९६१ च्या निवडणूक नियमांत दुरुस्ती केली की काम होतं. ती झाली नाही. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोधाची भूमिका घेतली आणि त्यातला एक मुद्दा असा होता की केंद्रनिहाय आकडे कळले तर उमेदवाराला आपण कुठे कमी पडलो ते समजतं आणि तिथे जास्त काम करता येतं.

हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा वाचला. मोरीशी थांबलेलं डांबर ज्याने पाहिलं आहे त्याला तो पटणं अवघड आहे. जिथे कमी मतं पडली तिथे जास्त काम, असं वागणारे लोकप्रतिनिधी असतीलही. पण २०१९ च्या प्रचारात मेनका गांधींनी उत्तर प्रदेशात जाहीर सभेत सांगितलं की ऐंशी टक्के मतं देणारं गाव ‘ए’, साठवालं ‘बी’, पन्नासवालं ‘सी’, त्याखालचं ‘डी’, आणि कामं त्याच क्रमाने होतील. निवडणूक आयोगाने त्यांना ताकीद दिली. त्या व्यासपीठावरून बोलल्या म्हणून ते देशाला कळलं. आमच्याकडे हेच वर्गीकरण कुणी माइकवरून सांगत नाही, त्याची गरजही पडत नाही.

खरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो आणि तो मी हलका समजत नाही. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी. २०२४ च्या विधानसभेनंतर तिथल्या लोकांनी आमच्या गावातून असे आकडे येऊच शकत नाहीत म्हणत स्वतः मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. मतदार याद्या, यंत्रं, शेवटच्या तासातलं मतदान यांवर तेव्हापासून राज्यभर वाद पेटला आहे. अशा वेळी केंद्रनिहाय आकडे झाकायला सांगणं म्हणजे लोकांच्या हातातला पुरावा काढून घेणं आहे, असं माझे काही मित्र मला तोंडावर म्हणाले. त्यांची भीती खरी आहे.

तरी माझं म्हणणं कायम आहे, आणि मारकडवाडीने ते बळकटच झालं. आमचं गाव असं मत देऊच शकत नाही, हे वाक्य त्या गावातल्या ज्या माणसाने मनापासून दुसरीकडे मत दिलं असेल त्याने कसं ऐकलं असेल? असा एकही माणूस नव्हता असं मानायचं कारण नाही. तो त्या सकाळी गावात काय बोलू शकत होता? मतदानाची पडताळणी व्हायलाच हवी, पण तिच्यासाठी प्रत्येक वस्तीला उघडं पाडण्याची गरज नाही. केंद्रावर एकूण किती मतं पडली हे १७-सी नमुन्यात असतं, त्याची प्रत प्रतिनिधींना मिळते, ती तशीच मिळत राहावी. बेरजेच्या यंत्रातून आलेली चौदा केंद्रांची एकूण मतं त्या चौदा कागदांशी जुळली पाहिजेत. मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या चिठ्ठ्या २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रात सोडत काढून निवडलेल्या पाच केंद्रांच्या मोजतात. त्या वाढवा, पाचाऐवजी चौदाच्या एका गटाच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र मिसळून मोजा. पडताळणी आजच्यापेक्षा पक्की होईल आणि एकाही वस्तीवर बोट ठेवता येणार नाही. केंद्रनिहाय नोंद यंत्रात राहीलच. वाद कोर्टात गेला तर न्यायाधीशांनी ती पाहावी. अभ्यासकांचं काही नुकसान होईल, ते मला मान्य आहे. त्यांचं नुकसान आणि आजींची भीती यांत मला निवड करायची असेल तर मी आजींकडे आहे.

आणि हे काम लांबवण्यासारखं राहिलेलं नाही. २०२५ मध्ये आयोगाने एका केंद्रावर बाराशेपेक्षा जास्त मतदार नकोत असं ठरवलं. रांगा कमी होतील, म्हाताऱ्यांचे हाल वाचतील. निर्णय चांगला आहे. पण केंद्र जितकं लहान तितकी वस्ती जास्त उघडी, हा त्याचा दुसरा परिणाम कुणी बोलून दाखवला नाही. शिवाय निवडणुका अटीतटीच्या होत आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या पंधरापैकी चौदा जागा महायुतीने घेतल्या, आणि पंधरावी, मालेगाव मध्य, एमआयएमने अवघ्या १६२ मतांनी राखली. एवढ्या मतांवर जागा जाते म्हटल्यावर दोनशे मतांच्या वस्तीवर किती जणांचा डोळा असेल ते वेगळं सांगायला नको.

गाव म्हणजे एकच मत, ही समजूत शेवटी कुठे जाते ते आपल्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. देवळा तालुक्यातल्या उमराण्यात २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायत बिनविरोध करायची म्हणून सरपंचपदाची बोली लागली आणि ती दोन कोटी पाच लाखांवर गेली. पैसे मंदिरासाठी होते. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथली निवडणूक रद्द केली आणि योग्य केलं. तेव्हा आमच्याकडे बऱ्याच भल्या माणसांना वाटलं की यात काय वाईट, भांडणं टळली, देऊळ झालं असतं. पण उमराण्यातल्या ज्या मजुराकडे बोली लावायला दोन रुपये नव्हते त्याच्याकडे एक मत होतं, आणि ते त्या दिवशी त्याला न विचारता संपवलं गेलं होतं. बिनविरोध गावांना निधी जाहीर करणारे आमदार सगळ्याच पक्षांत आहेत. गावाच्या एकीला बक्षीस द्यायचं असेल तर जलसंधारणाला द्या, शाळेला द्या. मत न घेण्याला बक्षीस देऊ नका.

ग्रामपंचायतीच्या आणि नगरपंचायतीच्या निवडणुकीत हा उपाय पुरा लागू होणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. तीनचारशे मतदारांच्या प्रभागात सदस्याचा निकाल लागायचा तर त्या प्रभागाचा आकडा कळणारच. पण सरपंच आता थेट लोकांतून निवडला जातो, नगराध्यक्षही. त्यांची मतं सगळ्या प्रभागांची मिळून एकत्र मोजायला काहीच हरकत नाही. गावातली खुन्नस बहुतेक त्याच एका खुर्चीवरून असते. हा बदल राज्य पातळीवर करता येईल; त्यासाठी दिल्लीकडे बघत बसायला नको.

गेल्या निवडणुकीत माझ्याकडे शिकलेला एक मुलगा एका पक्षाचा बूथप्रमुख होता. चांगला आहे, कष्टाळू आहे, रात्री-अपरात्री लोकांना दवाखान्यात नेणारा. त्याला मी हे सगळं समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि अगदी सरळ मनाने विचारलं, “सर, पण मग आम्हाला कळणार कसं, कोणत्या वस्तीचं काम करायचं राहिलंय ते?”

मी म्हटलं, “अरे, मोरीपाशी डांबर संपतं. तिथून पुढे चालत जा.”